लांब बॉनेट, लहान इंजिन: काँटेसा आणि ११८ एनई यांच्या बाह्यरूपाचा इतिहास



वर्ध्यात उभं राहून चैनीच्या मोटारींवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. सेवाग्राम इथून जेमतेम आठ किलोमीटरवर, आणि आम्ही इथे बॉनेट आणि डिकीच्या गोष्टी काढणार. तेव्हा हा विषय इथे का, याचं उत्तर आधी द्यायला हवं.

उत्तर दोन भागांत आहे. भारतातल्या मोटारधंद्याचा एक धागा याच गावातून निघतो. जमनालाल बजाज वर्ध्याच्या ज्या बच्छराज शेठांच्या घरात दत्तक आले, त्यांचं नाव घेऊन १९४५ मध्ये 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' उभी राहिली, आणि तिचीच पुढे बजाज ऑटो झाली. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. १९३४ च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि इथल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम उभं केलं. वस्तूकडे बघताना ती कुठे बनली, कशासाठी बनली, तिच्या किमतीतला किती भाग कामाचा आणि किती भाग दिखाव्याचा, हे प्रश्न त्या कामातून पुन्हा पुन्हा विचारले गेले. हेच प्रश्न आज आपण दोन गाड्यांच्या पत्र्याला विचारणार आहोत. एक हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा, १९८४ ची. दुसरी मुंबईच्या प्रीमियर कंपनीची ११८ एनई, १९८५ ची. इंजिनाचं मायलेज किंवा आतल्या गाद्या आज आपला विषय नाही. आपण बाहेरून बघणार आहोत, कारण रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाला गाडी बाहेरूनच दिसते.

थोडी पार्श्वभूमी. स्वातंत्र्याआधी मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९२८ पासून. तिथे परदेशातून सुटे भाग यायचे आणि गाड्या जोडल्या जायच्या. १९४२ मध्ये बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स आणि १९४४ मध्ये सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली. १९५३ च्या जकात आयोगाने सरळ सांगितलं, की ज्यांना इथे खरोखर उत्पादन करायचं असेल त्यांनीच राहावं, नुसती जोडाजोड करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली. हे वर्ष लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

त्यानंतर तीस वर्षं भारतीय रस्त्यावर गाड्यांचे चेहरे जवळजवळ गोठले. अँबॅसेडर म्हणजे मुळातली इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, पद्मिनी म्हणजे मुळातली इटलीची फियाट ११००. लोक याला कारखानदारांचा आळस म्हणतात. आळस होताच, पण तेवढंच कारण नव्हतं. मोटारीचं बाह्यांग पत्रा दाबून तयार होतं. दार, मडगार्ड, बॉनेट, छप्पर, प्रत्येकासाठी पोलादाचे अवजड साचे लागतात. कारखान्यात त्यांना डाय म्हणतात. हे डाय प्रचंड महाग. वर्षाला लाखो गाड्या विकणाऱ्या कंपनीला तो खर्च गाडीमागे किरकोळ पडतो. वर्षाला काही हजार गाड्या करायचाच परवाना असलेल्या कंपनीला तो कधीच परवडत नाही. शिवाय सरकारी धोरणाच्या लेखी मोटार हीच मुळात चैनीची वस्तू, त्यामुळे परकीय चलन मागायला गेलं की रांगेत शेवटचा नंबर. मग उपाय काय? युरोपात एखादं मॉडेल बंद पडलं, की त्याचे वापरलेले डाय विकत घ्यायचे. म्हणजे आपल्या गाडीचा चेहरा कसा असावा, हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या देशात, दुसऱ्याच गिऱ्हाइकासाठी ठरलेलं असायचं.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. छोटी, हलकी, आणि मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ शकेल अशी. आता बघा, मोटार ही गोष्ट थोडी सर्वसामान्य झाली की पैसेवाल्याला 'माझी वेगळी' असं दाखवणारी मोटार हवी असते. त्याच सुमारास आपल्या दोन्ही गाड्या बाजारात आल्या, हा योगायोग म्हणता येणार नाही.

आता प्रत्यक्ष आकाराकडे येऊ. सेडान गाडी म्हणजे तीन खोकी एकापुढे एक ठेवलेली. पहिलं इंजिनाचं, मधलं माणसांचं, तिसरं सामानाचं. या तीन खोक्यांना किती किती जागा दिली, यावरून ती गाडी कोणाचा मान राखते ते कळतं.

काँटेसाचं मूळ म्हणजे इंग्लंडमधल्या लूटनची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, १९७२ च्या पिढीची. व्हॉक्सहॉल ही इंग्लिश कंपनी, पण १९२५ पासून मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सची. म्हणून त्या गाडीत अमेरिकन आवड उतरली आहे. लांबलचक बॉनेट, रुंद छाती, पुढे चार गोल दिवे, मागच्या चाकाकडे जाताना किंचित उचललेलं अंग, आणि ऐसपैस डिकी. लांबी साधारण ४.६ मीटर. १९५४ मध्ये शिवडी सोडून गेलेली जनरल मोटर्स बरोबर तीस वर्षांनी बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या वाटेने अशी परत आली. स्वतः आली नाही, तिच्या इंग्लिश लेकीचे जुने कपडे आले. नाव मात्र दिलं इटालियन. 'काँटेसा' म्हणजे सरदाराची बायको.

११८ एनईचं मूळ इटलीच्या तुरिनमधली फियाट १२४, १९६६ ची. युरोपात १९६७ ची 'वर्षातली सर्वोत्तम गाडी' हा मान तिला मिळाला होता. हा आकार जगभर फिरलेला आहे. रशियात त्याचीच लाडा झाली, तुर्कस्तानात तो बनला, स्पेनमध्ये सेआट कंपनीने बनवला. स्पेनच्या गाडीचा चेहरा १९७५ च्या सुमारास जॉर्जेत्तो जुजारोने बदलला आणि गोल दिव्यांच्या जागी चौकोनी दिवे आणले. प्रीमियरने उचललं ते हे स्पॅनिश रूप. नाव म्हणाल तर नावच नाही, आकडा आणि दोन अक्षरं. एनई म्हणजे निसान इंजिन. बाहेर इटली-स्पेन, आत जपान, आणि कारखाना मुंबईचा.

दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करा. ११८ एनई अगदी सरळ रेषांची. पट्टीने काढावी तशी. छपराचे खांब बारीक, काचा मोठ्या, खिडकीखालची रेषा खाली. तीन खोक्यांत मधलं, माणसांचं खोकं भारी. पुढचं इंजिनाला लागेल तेवढं, मागचं सामानाला लागेल तेवढं. लांबी चार मीटरच्या थोडी वर. म्हणजे दोन गाड्यांत फरक साधारण अर्ध्या मीटरचा. पण पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर मोजलं तर काँटेसाचं पाव मीटरच जास्त आहे. याचा अर्थ असा, की काँटेसाच्या जादा लांबीतला साधारण निम्मा भाग चाकांच्या बाहेर आहे, नाकाकडे आणि शेपटाकडे. आत बसणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. तो बघणाऱ्यासाठी आहे.

आमच्या मते आजच्या विषयातली सगळ्यात बोलकी गोष्ट पुढे आहे. काँटेसाचं बॉनेट इतकं लांब का? कारण मूळ इंग्लिश गाडीचीच मोठी बहीण व्हेंतोरा त्याच अंगात ३.३ लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन घेऊन धावायची. बॉनेट त्या इंजिनासाठी आखलेलं होतं. साध्या व्हिक्टरलाही १.८ किंवा २.३ लिटरचं इंजिन असायचं. आपल्याकडे १९८४ मध्ये त्या बॉनेटखाली काय घातलं? अँबॅसेडरचंच दीड लिटरचं इंजिन, पन्नासच्या आसपास अश्वशक्तीचं. बॉनेट उघडलं की आजूबाजूला मोकळी जागा दिसायची. आणि ११८ एनईच्या छोट्याशा बॉनेटखालचं १,१७१ सीसीचं निसान इंजिन? त्याचीही शक्ती पन्नासच्या आसपासच. दोघींची ताकद जवळजवळ सारखी, आणि ११८ एनई वजनाने बरीच हलकी. म्हणजे घाटात कोण दमणार हे सांगायला इंजिनिअर नको. मोठा घास मोठ्या भांड्यात वाढला तर शोभतो, लहान घास त्याच भांड्यात केविलवाणा दिसतो.

बाह्यरूप हे एक आश्वासन असतं. काँटेसाचं बाह्यरूप एका अशा इंजिनाचं आश्वासन देत होतं जे लूटनमध्येच राहिलं. ११८ एनईचा पत्रा जे होतं तेवढंच सांगत होता.

मग समाजाने मान कोणाला दिला? तुम्हाला ठाऊक आहे. ऐंशीच्या दशकात बडी असामी म्हटलं की डोळ्यांपुढे काँटेसा यायची. हिंदी सिनेमात पुढारी आणि तस्कर दोघेही तिच्यातूनच उतरायचे. ११८ एनई घेणारा माणूस डॉक्टर, प्राध्यापक, हिशेबी व्यापारी असा मानला गेला. लोक म्हणायचे, चांगली गाडी आहे, पण वाटत नाही तेवढी मोठी. 'वाटत नाही' हे दोन शब्द धरून ठेवा. किंमत द्यायची ती वाटण्याची.

एक गोष्ट ११८ एनईच्या विरुद्धही सांगायला हवी, नाहीतर तुलना एकतर्फी होईल. तिच्या त्या मोठ्या काचा आणि बारीक खांब तुरिनच्या हिवाळ्यासाठी फार छान. ऊन आत यावं, बाहेरचं दिसावं. पण वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की त्याच काचा भट्टी होतात. काचेवर ओलं फडकं टाकून गाडी सावलीत लावणारी पिढी इथे बसलेली आहे. म्हणजे प्रामाणिक आकारही दुसऱ्याच हवामानाशी प्रामाणिक होता. काँटेसा अमेरिकन मोठेपणाची नक्कल, तर ११८ एनई युरोपच्या उन्हाचं गणित. विदर्भाचं ऊन, इथले खड्डे, काळ्या मातीची धूळ समोर ठेवून पांढऱ्या कागदावर पहिली रेघ कोणी ओढली होती का? दोन्ही गाड्यांच्या बाबतीत उत्तर 'नाही' हेच आहे.

मग ते काम कोणी केलं? मालकांनी. खिडक्यांना पडदे लावले, काचांवर काळी फिल्म चढवली. सुरुवात उन्हासाठी झाली, पण लवकरच ती फिल्म 'आत कोणीतरी मोठा आहे' याची खूण झाली. ती थांबवायला २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. टपावरच्या लाल दिव्याचंही तेच. तो सरसकट उतरला १ मे २०१७ रोजी. गाडीच्या बाह्यरूपाचा इतिहास लिहायचा तर त्यात कारखान्याच्या पत्र्याइतकीच ही फिल्म आणि हा दिवा यायला हवा. सत्तेची खरी स्टायलिंग आपण बाजारातून आणून चिकटवली.

शेवट थोडक्यात. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात काँटेसात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आलं आणि बॉनेटने दिलेला शब्द काही अंशी पाळला गेला. ती गाडी तेव्हा खरोखर चांगली झाली. पण वेळ संपत आली होती. १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरीत टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास जोडली जाऊ लागली. गंमत बघा, तो तीन टोकांचा तारा आपल्या भागाला नवा नव्हता. १९५४ च्या टेल्को-डाइमलर करारापासून तो मालट्रकच्या नाकावर होता. कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकचा तारा चाळीस वर्षांनी साहेबाच्या गाडीवर बसला आणि त्या दिवसापासून काँटेसा जुनी दिसू लागली. २००२ मध्ये ती बंद पडली. ११८ एनईही त्याच सुमारास थांबली.

आज हे सांगायचं कारण इतकंच, की प्रश्न संपलेला नाही. आता तीन खोक्यांची गाडी मागे पडली, उंच नाकाच्या गाड्या आल्या. त्यांच्या बंपरवर आरपार नसलेल्या जाळ्या असतात, मागे धूर न सोडणारी प्लास्टिकची धुरांडी असतात. रिकाम्या बॉनेटची ही नवी आवृत्ती. आणि आता ती रोखीने घेतली जात नाही, सात वर्षांच्या हप्त्यांनी घेतली जाते. कापसाच्या भावावर संसार चालणाऱ्या जिल्ह्यात, सोयरिकीला आलेले पाहुणे अंगणातली गाडी बाहेरून बघून घराची ऐपत ठरवतात, तेव्हा त्या हप्त्यातला किती भाग प्रवासाचा आणि किती भाग 'वाटण्याचा', हा हिशेब ज्याचा त्यानेच करायचा आहे. चैन वाईट असं आमचं म्हणणं नाही. लांब बॉनेट जरूर घ्यावं. एकदा उघडून, आत काय आहे ते बघून घ्यावं.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.