सूज नव्हती, खड्डा होता! काचबिंदूच्या शोधाची गोष्ट

मंडळी, डोळ्यांचं शिबिर लागलं की मोतीबिंदूवाल्यांची रांग लागते. काचबिंदूबद्दल विचारलं तर लोक म्हणतात, "तेच ना ते?" नाही, ते वेगळं. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुधा ऑपरेशनने परत येते. काचबिंदूने गेलेली येत नाही. म्हणून आज ही एका डॉक्टरची गोष्ट.

आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे. जन्म 1828, बर्लिन. वडीलही नावाजलेले सर्जन. 1851 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत, पार मागच्या पडद्यापर्यंत बघता येईल असं उपकरण जगापुढे आणलं. तरुण ग्रेफेंनी ते उचललं आणि पेशंटमागून पेशंट तपासले. 1854 मध्ये, पंचविशीतच, त्यांनी नेत्रविज्ञानाचं स्वतःचं नियतकालिक काढलं. त्यात लिहिलं, की काचबिंदूत डोळ्याची नस जिथे सुरू होते तो भाग सुजून वर आलेला दिसतो.

हे साफ चूक होतं!

चूक कशी झाली? एका डोळ्याने बघताना खोलीचा अंदाज फसतो. चंद्राचा फोटो उलटा धरून बघा, खड्डे उंचवट्यांसारखे दिसतात. तसंच झालं. आडोल्फ वेबर या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की ही सूज नाही, हा खड्डा आहे. ग्रेफेंनी पुन्हा तपासलं आणि 1855 मध्ये आपल्याच नियतकालिकात दुरुस्ती छापली. पुढे हाइनरिख म्युलर यांनी मृतांच्या डोळ्यांचा अभ्यास करून खड्डाच असल्याचं पक्कं केलं.

आम्हा पत्रकारांना दुरुस्ती छापायची म्हटलं की जिवावर येतं. आतल्या पानावर, कोपऱ्यात, बारीक अक्षरात. इथे मात्र त्या दुरुस्तीनेच वाट मोकळी झाली. खड्डा पडतो म्हणजे आतून दाब येतो. मग दाब कमी करायचा! ग्रेफेंनी डोळ्याच्या रंगीत पडद्याचा छोटा तुकडा कापायचं ऑपरेशन सुरू केलं आणि 1857 मध्ये ते प्रसिद्ध केलं. अचानक डोळा ठणकून लाल होणाऱ्या काचबिंदूत त्याने नजर वाचू लागली. तोवर हा आजार असाध्य मानला जायचा. 1866 मध्ये ते बर्लिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. 1870 मध्ये क्षयाने गेले. वय अवघं 42.

पण हळूहळू, न दुखता वाढणारा काचबिंदू आजही चकवतो. आधी कडेची नजर जाते, समोरचं नीट दिसत राहतं. त्यामुळे माणूस निर्धास्त. 1991 मध्ये अमेरिकेत डेव्हिड ह्वांग, जेम्स फुजिमोटो, जोएल शुमन आणि सहकाऱ्यांनी ओसीटी हे तंत्र मांडलं. प्रकाशाच्या मदतीने पडद्याच्या थरांची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नसेचे तंतू किती झिजले, ते आकड्यात कळतं. ग्रेफेंची नजर जिथे फसली, तिथे आता मोजमाप आलं.

पण मोजायला आधी डोळा डॉक्टरांसमोर तर न्यायला हवा ना! चाळिशी ओलांडली असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल, किंवा स्टेरॉइडचे थेंब बरेच दिवस टाकत असाल, तर नुसता चष्म्याचा नंबर काढून परतू नका. "डॉक्टर, डोळ्याचा दाब आणि नसही बघा," एवढं एक वाक्य बोला.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही हे वाचून दाखवा.