उपहास आणि विडंबन

हसता हसता टीका करण्याचे दोन प्रकार. बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, तरी भेद मोठा आहे. उपहास कोणाचाही आणि कशाचाही होतो: रूढीचा, पोशाखाचा, एखाद्याच्या चालण्याचासुद्धा. विडंबनाला मात्र मूळ कृती लागते. मूळ कविता ठाऊक नसेल तर तिच्या विडंबनातली निम्मी गंमत वाया जाते.

भरताच्या नाट्यशास्त्रात हास्याचे सहा प्रकार आहेत. त्यांपैकी ‘उपहसित’ मध्यम पात्रांचे, नाकपुड्या फुगवून तिरप्या नजरेने हसलेले. ‘विडंबन’ म्हणजे मुळात अनुकरण. त्याच कुळातल्या ‘विटंबना’ला मराठीत अप्रतिष्ठेचा अर्थ आला, यावरून नकलेचा अपमान व्हायला किती थोडे पुरते ते कळते.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे (१८७१–१९३४) ‘सुदाम्याचे पोहे’ हा मराठीतल्या उपहासाचा उत्तम नमुना. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रिकुटाच्या फजितीतून कोल्हटकरांनी अंधश्रद्धा आणि निरर्थक रूढी यांवर प्रहार केले. रोख चालीरीतींवर आहे आणि निवेदक सुदामा स्वतःही हसण्याचा विषय होतो, म्हणून हा उपहास बोचला तरी हीन वाटत नाही.

विडंबनाचे शिखर म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे (१८९८–१९६९) यांनी ‘केशवकुमार’ या नावाने लिहिलेली ‘झेंडूची फुले’ (१९२५). पुण्यात १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींची, त्यातही माधव जूलियनांची, शैली त्यात नेमकी पकडली आहे. ‘परिटास’ या कवितेत उदात्त संबोधनगीताचा सगळा थाट कपडे धुणाऱ्या परिटासाठी मांडलेला आहे. वृत्त कुठे अडखळत नाही, भाषा भारदस्तच राहते. फक्त विषय घसरतो आणि त्या काळच्या काव्यातला कृत्रिमपणा उघडा पडतो. अत्रे स्वतः गंभीर कविताही लिहीत, त्यांच्या ‘गीतगंगा’त ती आहे. कवितेवर असा हात बसलेला नसता, तर ‘झेंडूची फुले’ नुसती टवाळी ठरली असती.

बोलीची नक्कल या दोहोंच्या सीमेवर असते. वसई-विरार पट्ट्यात सामवेदी, वाडवळी, कोळी अशा बोली शेजारीशेजारी नांदतात; सामवेदी तर सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती अशा दोन्ही समाजांची. घरातल्या वडीलधाऱ्यांचे हेल, म्हणी, लाडके शब्द त्याच बोलीतल्या माणसाने हुबेहूब उभे केले, की ते विडंबनाच्या जवळ जाते, कारण त्याला मूळ पुरते माहीत असते. बाहेरच्याने त्यातले दोन उच्चार उचलून शाळेत किंवा लोकलच्या डब्यात हशा पिकवला, तर तो उपहासच. त्याला ‘गंमत’ म्हणू नये. अशा हशामुळे मुले चारचौघांत घरची बोली बोलायला कचरतात.