रत्नागिरी स्टेशन, पॅसेंजर आणि सिंगल लाइन

मी मूळचा भोरचा. आमच्या तालुक्यात रेल्वे नाही, शेजारच्या वेल्ह्यातही नाही. त्यामुळे लहानपणी आगगाडी म्हणजे मावशीचं गाव, म्हणजे रत्नागिरी, असं पक्कं समीकरण होतं. वरंधा घाट उतरायचा, महाड गाठायचं आणि वीर स्टेशनवर पॅसेंजर पकडायची. (पावसाळ्यात घाट बंद, म्हणजे मावशीही बंद!)

रत्नागिरी स्टेशन शहरापासून चांगलं सहा-सात किलोमीटर लांब, कुवारबावला. पहिल्यांदा जाणारा हमखास वैतागतो. पण मावशीच्या सासूबाईंना याचं काही वाटायचं नाही. त्या बोटीच्या काळातल्या. बोट खोल पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यापर्यंत होडीतून यायचं, आणि पावसाळ्यात तेही नाही. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये इथे आला तोही समुद्रमार्गेच. आता बघा, बोरीबंदर-ठाणे गाडी १८५३ सालची. मुंबईच्या गिरण्यांना माणसं पुरवली कोकणाने, पण त्यांना घरी नेणारी गाडी रत्नागिरीत यायला १९९० चं दशक उजाडलं. एवढा उशीर का? डोंगर, नद्या, पाऊस ही कारणं खरीच. पण मनात आणल्यावर तेच डोंगर सात-आठ वर्षांत पोखरून झाले, हेही खरं.

मनात आणणारी माणसं म्हणजे मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस. १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री, फर्नांडिस रेल्वेमंत्री. दंडवते निवडून यायचे राजापूरमधून, म्हणजे घरचंच कार्य. त्याच वर्षी जुलैमध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. भांडवलात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचे सहा-सहा. अध्यक्ष ई. श्रीधरन. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर.

यातले सगळ्यात अवघड दोन नमुने रत्नागिरीच्या दोन अंगांना आहेत. उत्तरेला साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा, या मार्गावरचा सर्वांत लांब. दक्षिणेला पानवलचा पूल, नदीपात्रापासून ६४ मीटर उंच. करबुडे झाला तेव्हा कुठे १९९६ च्या अखेरीस मुंबईची गाडी सावंतवाडीपर्यंत जाऊ लागली. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला आणि १ मे ला पंतप्रधान वाजपेयींनी लोकार्पण केलं.

आज या स्टेशनवर कोकणकन्या थांबते, मांडवी थांबते, जनशताब्दी, तेजस, २०२३ पासून वंदे भारतसुद्धा. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झालं. कागदावर सगळं झकास. मग मावशीची तक्रार काय?

तिची तक्रार पॅसेंजरची. पूर्वी रत्नागिरीहून पहाटे सुटणारी गाडी थेट दादरला जायची. कोरोनात बंद झाली, आणि पुन्हा सुरू झाली ती फक्त दिव्यापर्यंत. उरलेला प्रवास लोकलने. साठीची बाई, दोन पिशव्या, एक फणस आणि दिव्याची गर्दी... कल्पना करा.

इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो. वीरपासून पुढे लाइन सिंगल आहे. म्हणजे एकच लॉक आणि डझनभर थ्रेड. दोन स्टेशनांमधला तुकडा एका गाडीने धरला, की समोरून येणाऱ्या गाडीने तो सुटेपर्यंत थांबायचं. कोणी थांबायचं? ज्याची प्रायोरिटी कमी त्याने. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला आपण 'स्टार्व्हेशन'वर पाच मार्कांचं उत्तर लिहितो ना, ते मी लहानपणी आडगावच्या स्टेशनांवर भेळ खात प्रत्यक्ष अनुभवलंय. समोरून एक्स्प्रेस धाडकन निघून जाते, आपण तिथेच. प्रत्येक नवी वेगवान गाडी म्हणजे वरच्या प्रायोरिटीचा आणखी एक थ्रेड.

पावसाळ्यात सगळ्यांचाच वेग कमी होतो, त्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीला गाडी धडकून पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा घसरली. तिथे उशीर झालेला परवडला.

पण पॅसेंजरची उपासमार ही काही दरड नाही. उपाय ठाऊक आहे, दुसरी लाइन टाकणे. रोहा ते वीर ४६ किलोमीटरचं दुहेरीकरण ऑगस्ट २०२१ मध्ये झालंसुद्धा. पुढे बोगदे आणि पूल सुरू होतात, खर्च वाढतो, हे मलाही कळतं. पण तोवर निदान एक गाडी तरी जुन्यासारखी दादरपर्यंत न्या, एवढंच मावशीचं म्हणणं. कारण ज्यांच्या जमिनी या रुळाखाली गेल्या त्यांच्यातले किती जण वंदे भारतने जातात?

असो. पुढच्या शनिवारी मावशी भोरला येतेय. पहाटेची पॅसेंजर, वीरला उतरणार, मी गाडी घेऊन घ्यायला जाणार. "वेळेवर ये रे," म्हणाली फोनवर. म्हटलं, "मावशी, मी येईन. तुझी गाडी?"

"क्रॉसिंगवर अवलंबून," ती म्हणाली आणि फोन ठेवला.