कौटुंबिक सभा, न्यूझीलंडमधील

कायदा मोडणाऱ्या अल्पवयीन मुलांबाबत निर्णय घेण्यासाठी न्यूझीलंडने १९८९च्या बालक व कुटुंबविषयक कायद्याने रूढ केलेली पद्धत. वसाहतकालीन न्यायव्यवस्था माओरी मुलांना कुळापासून तोडते, ही तक्रार जुनी होती. ‘पुआओ-ते-आता-तू’ या अहवालाने ती ठामपणे मांडली आणि कायद्याला दिशा मिळाली.

सभेला मुलगा किंवा मुलगी, आप्तेष्ट, पोलीस, मुलाचा वकील आणि समन्वयक असतात. पीडित व्यक्तीला येण्याचा किंवा प्रतिनिधी धाडण्याचा हक्क आहे; सक्ती नाही. घडलेला प्रकार मांडून झाला, पीडिताचे म्हणणे ऐकून झाले, की कुटुंबाला एकांत दिला जातो. पद्धतीचा गाभा खरे तर इथेच आहे, कारण अधिकारी बाहेर थांबतात आणि प्रस्ताव घरचे लोक तयार करतात. माफी, भरपाई, समाजसेवा, रात्री घराबाहेर पडण्यास बंदी, शाळेत पुन्हा प्रवेश असे त्याचे स्वरूप असते. सर्वांचे एकमत झाले, तर युवा न्यायालय सहसा आराखडा स्वीकारते. सभा बोलावण्यासाठी मुलाने आरोप नाकारला नाही एवढे पुरते. खून व सदोष मनुष्यवध मात्र या कक्षेबाहेर आहेत. किरकोळ प्रकरणे पोलीस ताकीद देऊनच मिटवतात.

२००८ पासून युवा न्यायालयाच्या काही सुनावण्या माओरी सभास्थानी, म्हणजे ‘मराए’वर होतात. ऑस्ट्रेलियातील वागा वागाच्या पोलिसांनी १९९१ मध्ये कौटुंबिक सभेची कल्पना उचलली, पण सूत्रे स्वतःकडे ठेवली. त्यावर टीकाही झाली. उत्तर आयर्लंडने २००२च्या कायद्याने युवा सभा सुरू केल्या. पीडितांची अनुपस्थिती आणि अंमलबजावणीतील ढिलाई हे या पद्धतीवरचे नेहमीचे आक्षेप आहेत.