भोर-वेल्हे जलाशयांतील पोषकद्रव्य-प्रदूषण

नत्र व स्फुरद यांची संयुगे पाण्यात आणि तळगाळात प्रमाणाबाहेर साठून शैवल व जलपर्णी माजण्याची प्रक्रिया. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे (आता राजगड) तालुक्यांत वेळवंडीवर भाटघर (येसाजी कंक जलाशय, १९२८), नीरेवर नीरा-देवघर, कानंदीवर गुंजवणी, आंबीवर पानशेत आणि मोसेवर वरसगाव ही धरणे आहेत.

उगम : भातखाचरे, गोठे, गावांचे व शेतघरांचे सांडपाणी. रोपांसाठी राब भाजतात, त्याच्या राखेतील पालाश व थोडा स्फुरद पहिल्या पावसात वाहतो. भरून वाहणाऱ्या खाचरात युरिया फेकला तर त्याचा बराच भाग बांधावरून पुढे जातो. चारसूत्री लागवडीत युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध चिखलात खोल खोचतात, त्यामुळे खत मुळाशी राहते. उत्पन्नवाढीसाठी शिफारस होणाऱ्या या पद्धतीची गणना जलरक्षणाच्या उपायांतही व्हायला हवी.

तळगाळ : बेसाल्टपासून झालेल्या तांबड्या मातीत लोहाची ऑक्साइडे विपुल असतात. स्फुरद त्यांना चिकटतो आणि गाळाबरोबर धरणात उतरतो. उन्हाळ्यात खोल जलाशयात वर उबदार व खाली थंड असे थर पडतात. तळाचा ऑक्सिजन संपला की लोहाचे क्षपण होते आणि धरून ठेवलेला स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतो. यास अंतर्गत भार म्हणतात. त्यामुळे काठावरून भरलेल्या बाटलीवरून धरण स्वच्छ ठरवणे धाडसाचे. भाटघरचे पाणी उन्हाळ्यात इतके उतरते, की एरवी बुडालेले कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. सुकलेल्या गाळावर पाणी पुन्हा चढते तेव्हा नत्र व स्फुरद एकदम मोकळे होतात. पाणी ओसरल्यावर पेरल्या जाणाऱ्या गाळपेर जमिनीत दिलेले खत तर धरणाच्या तळातच पडलेले असते.

मोजमाप : पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. स्फुरदाला मर्यादाच नाही. शैवलाला मात्र त्याचे मिलिग्रॅमचे काही शतांश पुरतात. कॅनडातील प्रायोगिक तलाव क्र. २२६ हा १९७३ मध्ये पडद्याने दुभागून एका भागात कार्बन व नत्र, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला स्फुरदही घातला. हिरवा झाला तो दुसरा.

लवासा : वरसगावच्या पाणलोटातील नगर. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची नोटीस नोव्हेंबर २०१०, सशर्त मंजुरी नोव्हेंबर २०११. पाण्यावरील परिणामाबाबत मतभेद आहेत.

खालचा प्रवाह : पानशेत-वरसगावचे पाणी खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना जाते आणि सांडपाणी होऊन मुळा-मुठा व भीमेवाटे उजनीत (१९८०) पोचते. उजनीचे हिरवे पाणी हा या साखळीतील सर्वांत चर्चिला गेलेला टप्पा. भोरची नीरा भीमेला नीरा-नरसिंहपूर येथे, म्हणजे उजनी धरणाच्या खाली मिळते. उजनीच्या हिशेबात ती धरता येत नाही.

कालवे : भाटघरचे पाणी, आणि त्याबरोबर त्यात विरघळलेली पोषकद्रव्ये, नीरेच्या डाव्या व उजव्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसकडे जाते.