आत्यानं सांगितलेले काका

धाकट्या काकांविषयी आत्या बोलायची ती आवाज खाली आणून, बहुधा लसूण सोलताना. सत्तरच्या दशकात, गिरगावच्या चाळीत, काकांनी मित्राला लिहिलेलं पत्र आजोबांच्या हाती लागलं. मग दवाखाना. पुरुषांची चित्रं दाखवायची आणि हाताला शॉक द्यायचा, असा तो इलाज. ‘‘शहाण्या माणसाला वेडाचं औषध दिलं रे, आणि मग तो खरंच आजारी पडला.’’ काकांची झोप गेली ती कायमची.

याच घरात पणजोबा र. धों. कर्व्यांचं ‘समाजस्वास्थ्य’ मासिक मागवत. अंक कपाटात, पंचांगांमागे. समलिंगी संबंधांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, म्हणून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू मांडली डॉ. आंबेडकरांनी. कर्वे खटला हरले, दंड झाला. पण असं बोलणं मराठीत तेव्हाच सुरू झालं होतं, आणि आमच्या घरानं ते वाचूनही पुढे शॉकच निवडला. याचा मला अजून राग येतो.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं १९७३ सालीच समलैंगिकतेला आजारांच्या यादीतून काढलं. मग समलिंगी माणसांत नैराश्य जास्त का आढळतं? इलान मेयर या संशोधकानं २००३ मध्ये त्याची उकल मांडली: वाट्याला आलेली अवहेलना, पुढच्या अवहेलनेची सततची धास्ती, लपवालपव, आणि तीच घृणा हळूहळू स्वतःबद्दल वाटू लागणं. आत्यानं मेयर वाचला नव्हता. ती सांगायची, नळावर कुणी हसलं तरी काकांना वाटायचं, आपल्यालाच हसले. गाढ झोपेत तोंडून भलतं नाव निघेल, या भीतीनं ते जागत.

लग्न लावून दिलं, आणि काकूंवर त्यांचा जीव जडला. तोही खरा. घरच्यांनी मात्र ‘बरा झाला’ म्हणून फाइल बंद केली. स्त्री-पुरुष दोघांवरही प्रेम करता येतं, हे ऐकून घ्यायला कुणीच नव्हतं. पुरुषांकडे ओढ असलेल्या ओळखीच्यांनीही त्यांना लबाड ठरवलं. उभयलिंगी कल असलेल्यांमध्ये चिंता आणि नैराश्य समलिंगी व्यक्तींपेक्षाही जास्त असल्याचं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसतं. दोन्ही दारं बंद असली की माणूस कुठे बसणार?

२००२ मध्ये पुण्यात बिंदुमाधव खिऱ्यांनी अशा माणसांसाठी समपथिक ट्रस्ट सुरू केला, तेव्हा काका हयात होते. त्यांच्यापर्यंत तो पत्ता कुणी पोचवला नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना दंडविधानाच्या ३७७ कलमातून वगळलं. ते पाहायला काका नव्हते.

लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये ठरवलं. मी ते काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘‘डॉक्टरचं ठीक आहे. यांना दोन्ही दंडांना धरून तिथं नेलं कुणी, ते विचार.’’ नेणाऱ्यांपैकी दोघं अजून आहेत. मी विचारणार आहे.