रग्बीतील पकडीचे गुरु

इंग्लंडांत जन्मलेल्या रग्बी या खेळांत चेंडू घेऊन धांवणाऱ्या गड्यास अंगाशीं भिडून खालीं पाडतात. तिकडे टॅकल म्हणतात ती ही पकड हुतूतू पाहिलेल्यांस सहज समजेल. मात्र ती शिकविण्याची विद्या ज्यांच्याकडून घ्यावी लागली, त्यांस या खेळाच्या धुरीणांनीं शंभर वर्षें उंबरठ्याबाहेर ठेविलें होतें.

वादाचें मूळ पैशांत होतें. उत्तर इंग्लंडांतील खाणकामगार व गिरणीकामगार सामन्यासाठीं कामावर खाडा करीत. त्यांची रोजी बुडे. ती भरून देण्याची मागणी रग्बी फुटबॉल युनियननें १८९३ सालीं फेटाळली. २९ ऑगस्ट १८९५ रोजीं हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलांत उत्तरेकडील संघांनीं वेगळा संसार थाटला. तिकडे गेलेल्यास जुन्या घरांत पुन्हां प्रवेश नसे. बुडालेली मजुरी मागणाऱ्यास वाळींत टाकणें, ही सभ्यपणाची कल्पना चमत्कारिकच म्हटली पाहिजे!

या वेगळ्या खेळास पुढें लीग हें नांव पडलें. १९०६ सालीं लीगनें गडी पंधरांवरून तेरांवर आणिले. चेंडूवाला पडला कीं झोंबाझोंबी थांबे. तो उठून चेंडू टांचेनें मागें सारी, आणि बचावाची रांग पुन्हां उभी राही. थोड्या गड्यांनीं सारें मैदान अडवावयाचें. एकजण उतावीळपणें पुढें गेला कीं शेजारीं खिंडार पडे. म्हणून रांगेनें एकदम पुढें सरकावें, प्रत्येकानें आपला गडी हेरावा, शेजाऱ्यास ओरडून सांगावें, हें शास्त्र तेथें मुरलें. पकडीचेंही तसेंच. नजर चेंडूवाल्याच्या कंबरेवर, खांदा मांडीस भिडलेला, हातांची मिठी घट्ट, आणि पायांचा रेटा चालूच. डोकें मात्र त्याच्या पाठीकडील बाजूस हवें; चुकून पुढें आलें तर गुडघ्याचा मार स्वतःलाच!

ऑगस्ट १९९५ मध्यें, फुटीस शंभर वर्षें भरण्याच्या ऐन तोंडावर, युनियनच्या खेळानेंही पैसा मान्य केला. मग लीगच्या जाणत्यांस बोलावणीं गेलीं. ऑस्ट्रेलियानें बचावाच्या शिक्षणासाठीं लीगचे जुने खेळाडू जॉन मगल्टन यांस नेमिलें. १९९९ च्या विश्वचषकांत त्या संघाविरुद्ध एकच ट्राय, म्हणजे रेषेपलीकडे चेंडू टेकविण्याचा प्रकार, घडला; तोही अमेरिकेकडून. अंतिम सामन्यांत फ्रान्सचा ३५-१२ असा पाडाव झाला.

इंग्लंडनें लीगचेच फिल लार्डर यांस आणिलें. २२ नोव्हेंबर २००३ रोजीं सिडनी येथें इंग्लंडनें ऑस्ट्रेलियास जादा वेळांत २०-१७ असें हरवून विश्वचषक जिंकला. दोन्ही बाजूंच्या बचावाचे गुरु लीगचे. त्या दिवशीं ट्रायही दोनच झाले: ऑस्ट्रेलियाच्या लोटे टुकिरीचा व इंग्लंडच्या जेसन रॉबिन्सनचा. तेही दोघे लीगमधूनच आलेले.